कुरडईवरची राख

गेल्या एप्रिलमध्ये आईने बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात घाटून घाटून तिने सकाळीच सोऱ्यातून कुरडया पाडल्या. खाली तिचं जुनं पातळ, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं: टोमॅटोचे दोन डबे, पार्किंगमधून उचलून आणलेला एक दगड आणि माझ्या नवऱ्याचं डंबेल. इथला वारा पातळासकट कुरडया घेऊन जाईल हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. हे मी मॅनहॅटनमधलं सांगतेय. न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्सासमधलं. (अकरा वर्षांत हे इतक्यांदा म्हटलंय की आता ते आडनावासारखं वाटतं.) संध्याकाळी कामावरून आले तर आई उकिडवी बसून एकेक कुरडई उजेडाकडे धरून बघत होती. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळ्या, कुरळ्या, केसापेक्षा जरा जाड रेघा पडल्या होत्या. चिमटीत धरायला गेलं की रेघ नाहीशी आणि बोटाला काजळी. जळक्या गवताची पाती होती ती, कुठून कुठून वाऱ्यावर आलेली, राख झाली तरी पात्याचा आकार न सोडलेली.

"कुणीतरी माळ पेटवलाय," आई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. नाक वर करून एकदा वास घेतला. "कुसळीवानी वास येतोय." मी लगेच शहाणपणाने सांगायला बसले, की इथे दर वर्षी एप्रिलमध्ये जाळतात, मुद्दाम जाळतात, विद्यापीठातले शास्त्रज्ञसुद्धा जाळतात, त्यामुळे गवत चांगलं येतं. ती ऐकत होती आणि कुरडईवरची राख फुंकत होती. मग म्हणाली, "मग आबांनी तरी येगळं काय केलं होतं?" आणि त्याच दमात, "चहाची गाळणी घासायचा तो बारका ब्रश आण गं."

ब्रश आणून दिला. वाक्य मात्र तसंच राहिलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. खटाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला आमची पड. म्हणायला सात एकर, पण नांगर लागेल अशी जागा त्यात खळ्याएवढीसुद्धा नव्हती. मुरूम, खडक आणि गवत. श्रावणात पवना नि मारवेल गुडघ्याला लागायचं. दिवाळीनंतर विळे घेऊन सगळं घर कापणीला जायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. मागे राहायचे ते बुडखे आणि कुसळी. शिमग्याच्या आसपास एखाद्या संध्याकाळी वारा पडला, की आबा तो उतार पेटवून द्यायचे. मी तेव्हा नववीत, साताऱ्याला शिकत होते आणि शाळेच्या निसर्ग मंडळाची सचिव होते. सचिव या शब्दाचं त्या वयात काय वजन असतं ते जे झालेत त्यांनाच माहीत. 'वणवा लावू नका' हे मी स्वतःच्या अक्षरात सहा फलकांवर रंगवलं होतं. शिमग्याला गावी गेले आणि त्याच संध्याकाळी आबांच्या हातात टेंभा. चुलते होते, ओसरीवर पाहुणे होते, आणि मी सगळ्यांसमोर आबांना म्हणाले की तुम्ही पाखरांची घरटी जाळता, मातीतले जीव जाळता, हा गुन्हा आहे, मी वनखात्याला पत्र लिहीन. आबा काही बोलले नाहीत. निरगुडीची डहाळी तोडली आणि नुकती धरलेली आग स्वतःच झोडपून विझवली. धोतराला हात पुसत म्हणाले, "जाळलं की चांगलं फुटतंय, पोरी. पन तुमी शिकलेली मानसं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या मंडळाने गावच्या गायरानात झाडं लावली. गिरिपुष्प आणि सुबाभूळ, कारण रोपवाटिकेत तीच होती. त्यातली चाळीस रोपं मी एकटीने लावली. फोटो आहे अजून: शाळेचा गणवेश, चिखलाचे हात, मागे रिकामा दिसणारा माळ. आम्हाला तो रिकामाच वाटायचा. पुढच्या उन्हाळ्यात मी साताऱ्यात होते, आणि त्या चाळीस रोपांना आबा खांद्यावरून कावडीने पाणी घालत होते. हे मला फार उशिरा, त्यांच्या दहाव्याला कळलं.

इथला पहिला एप्रिल आला तेव्हा मी ९११ ला फोन लावायच्या बेतात होते. रात्री साडेनऊला खिडकीतून बघते तर टेकड्यांच्या कडेकडेने नारिंगी ओळी सरकताहेत. एक, दोन, मग मोजता येईनात इतक्या. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लावाव्यात तशा, फक्त या पणत्या चालत होत्या. शेजारच्या बाईंनी मला दारातच थांबवलं. गुरंवाले कुरणं जाळतायत, झोप जाऊन, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. नंतर कळलं की फ्लिंट हिल्सच्या या पट्ट्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एप्रिलमध्ये जाळायचं, म्हणजे मेमध्ये टेक्ससकडून ट्रक भरभरून येणारी वासरं कोवळ्या गवतावर सुटतात आणि उन्हाळाभरात अंगाने भरतात. जळालेल्या कुरणावरचं वासरू न जळालेल्या कुरणावरच्यापेक्षा जास्त भरतं, हे इथल्या कुठल्याही खानावळीत टोपी घातलेला कुठलाही म्हातारा सांगेल. चांगलं फुटतंय, पोरी.

माझं काम हिशेबतपासणीचं. गवताशी संबंध आला तो शनिवार रिकामे असायचे म्हणून. शहराच्या दक्षिणेला कोन्झा प्रेअरी आहे, प्रेअरी म्हणजे उंच गवताचा माळ, ३,४८७ हेक्टर. तिथे पाहुण्यांना फिरवून आणणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण असतं, ते मी केलं. पहिल्या दिवशी भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि हसू आलं, कारण तो आपल्याकडच्या कृषी खात्याच्या कचेरीत असतो तसा पाणलोटांचा नकाशा होता. सगळं रान पन्नासहून जास्त पाणलोटांत वाटलेलं, आणि प्रत्येक पाणलोटाला नंबर. नंबर म्हणजे तो किती वर्षांनी जाळायचा ते. १ म्हणजे दर साल, २ म्हणजे सालाआड, ४ म्हणजे चौथ्या साली, २० म्हणजे वीस वर्षांतून एकदा. नंबराच्या आधी एन असेल तर तिथे बायसन, म्हणजे इथले गव्यासारखे रानबैल, चरतात, सी असेल तर गुरं, काहीच नसेल तर फक्त गवत आणि आग. लॉइड हल्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७१ पासून हे मांडत आणलं. कॅथरीन ऑर्डवे या बाईंच्या देणगीतून नेचर कॉन्झर्व्हन्सीने जमीन घेतली आणि कॅन्सास स्टेट विद्यापीठाकडे संशोधनासाठी सोपवली. १९८० मध्ये अमेरिकेत दीर्घकालीन परिसर-संशोधनासाठी पहिल्या सहा जागा निवडल्या, त्यात ही एक. हल्बर्टना वाटायचं की आग आणि चरणारं जनावर दोन्ही असल्याशिवाय ही प्रेअरी कळायची नाही. १९८७ मध्ये तीस बायसन आणून सोडले तेव्हा ते हयात नव्हते.

मला त्या नकाशाचं वेड लागलं. हिशेबवाल्या माणसाला खातेवही आवडणारच. पण त्याहून जास्त हे, की कुणीतरी 'जाळावं की जाळू नये' असा प्रश्नच घातला नव्हता. किती वर्षांनी, असं विचारलं होतं, आणि उत्तरासाठी चाळीस-पन्नास वर्षं थांबायची तयारी ठेवली होती.

या मोजणीत मी खारीचा वाटा उचललाय. हंगामाच्या शेवटी पन्नास बाय वीस सेंटिमीटरच्या चौकटी टाकून त्यातलं गवत बुडापासून कापतात, कागदी पिशव्यांत भरून आणतात. मग टेबलाभोवती बसून ते निवडायचं: गवत एकीकडे, रुंद पानांचं एकीकडे, गेल्या सालचं वाळकं तिसरीकडे. नंतर ते भट्टीत साठ अंशांवर वाळवून वजन. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तांदूळ निवडायला अमेरिकेत जावं लागलं का? अगदी तसंच आहे. दोन पिशव्या झाल्या की पाठ धरते, चार झाल्या की बोटांना आपोआप कळायला लागतं: हे कडक, पोकळ, टिचकन मोडणारं ते गेल्या सालचं, हे चिवट ते यंदाचं. खोलीभर वास, आमच्या गंजीच्या पोटात शिरल्यावर यायचा तोच. तिथेच एका मुलीने मला बिग ब्लूस्टेमचा तुरा ओळखायला शिकवला. देठाच्या टोकाला तीन बोटं फाकलेली, कोंबडीच्या पायासारखी. पुढे कळलं की हे गवत, आपली ज्वारी आणि ऊस एकाच गोतातले आहेत. इथे ज्वारीला मायलो म्हणतात. कॅन्सास हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणारं राज्य, आणि इथे ती मुख्यतः गुरांच्या पोटात आणि इथेनॉलच्या कारखान्यात जाते. भाकरी कुणी करत नाही. पहिल्यांदा मैलोन्‌मैल मायलो उभा पाहिला तेव्हा मला रडू फुटलं होतं, हे नवऱ्याला अजून चेष्टेला पुरतं.

आग मात्र मी जवळून पहिल्यांदा तिसऱ्या वर्षी पाहिली. सकाळपासून माणसं वाऱ्याचा अंदाज घेत होती. पाणलोटाच्या कडेने आधीच गवत कापून जाळरेषा काढलेली. ज्या अंगाला वारा जाणार त्या कडेला पहिली काडी, म्हणजे ती आग वाऱ्याच्या तोंडावर, हळूहळू, कुरकुरत मागे सरकते आणि काळा पट्टा सोडत जाते. हातात डिझेल-पेट्रोलचं मिश्रण थेंबथेंब गाळणारी, लांब नळीची किटली. ती घेऊन एक मुलगा शेतात पाभर धरून चालावं तसा सरळ चालत होता, आणि त्याच्यामागे जमिनीवर आगीची तास उमटत होती. काळा पट्टा पुरेसा रुंद झाला, मग दोघे वारा येतो त्या बाजूला गेले आणि तिथून पेटवलं. ती आग वेगळीच. आधी आवाज आला, जोरात पाऊस पत्र्यावर येतो तसा, आणि मग ज्वाळा उठल्या, माणसाच्या दुप्पट. मी मैदानावरच्या होळीइतक्या अंतरावर उभी होते. एका क्षणी भुवया करपल्यासारखं वाटलं आणि मी चार पावलं मागे झाले. वरून ससाणे घिरट्या घालत होते, पळणाऱ्या उंदरांसाठी. समोरची आणि मागची आग मध्ये भेटली, एकदा उंच उसळली, आणि विझली. खायला काही उरलंच नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळा उतार काळा, मधून चुनखडीचे पांढरे दगड उघडे, एका वाळलेल्या कासवाची पाठ. मी वाकून मातीला हात लावला. कोमट होती, बस्स. एवढी आग वरून गेली आणि बोटभर खाली काही नाही. दहा दिवसांनी गेले तेव्हा तो उतार असा पोपटी झाला होता की कुणीतरी खोटा रंग दिलाय असं वाटावं.

हे असं का, ते १९८६ मध्ये ॲलन नॅप आणि टिमोथी सीस्टेड यांनी सांगितलं: या गवताचा मोठा शत्रू ते स्वतःच आहे. जुनं वाळकं न जळता, न खाल्लं जाता साठलं की त्याची गोधडी होते, खाली ऊन पोचत नाही, माती थंड राहते, आणि नवा कोंभ अंधारात कुढतो. आग गोधडी काढून घेते. काळी माती तापते. आणि कोंभ तयारच असतात, कारण या गवताचे डोळे जमिनीखाली असतात. उसाच्या कांडीला असतात तसेच, पण मातीत लपलेले. जळल्यानंतर जे हिरवं वर येतं ते जवळजवळ सगळं या डोळ्यांतून, बियांपासून जेमतेम शंभरात एखादा कोंभ. म्हणजे वरचं जळालं ते गवताचं पागोटं. आबा हे बोलायचे नाहीत, पण 'चांगलं फुटतंय' म्हणताना त्यांनी 'फुटतंय' हाच शब्द वापरला होता, 'उगवतंय' नव्हे.

इथवर आलं की मला आबांची माफी मागून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्या नकाशावरचे पुढचे आकडे मोकळं होऊ देत नाहीत.

दर साल जळणाऱ्या, कुणीच न चरणाऱ्या पाणलोटात जाऊन बघा. ऑगस्टमध्ये दिसायला राजेशाही असतं, डोक्याच्या वर गेलेलं, वाऱ्यावर लाटा. पण खाली बसून मोजायला लागलं की तेच ते गवत. फुलझाडं गवताच्या सावलीत हरलेली. पाहुणे फोटो इथेच काढतात. बायसन चरतात त्या बाजूला गवत विस्कटलेलं, कुठे बोडकं, कुठे त्यांनी लोळून केलेले खड्डे, त्यात पावसाचं पाणी, पाण्यात बेडूक. बघायला अव्यवस्थित. आणि फुलं मात्र तिथेच. कारण बायसनला गवत लागतं, रुंद पानाकडे तो फारसा वळत नाही. दांडगाई करणारं गवत तो खाली बसवतो आणि बाकीच्यांना श्वास मिळतो. २०२२ मध्ये झॅक राटायझॅक आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ तीस वर्षांची मोजणी छापली. बायसन सोडल्यावर वनस्पतींच्या जातींची संख्या दुप्पट झाली होती. गुरांनीही वाढली, पण बायसनइतकी नाही. आणि चाळीस वर्षांतला सगळ्यात कडक दुष्काळ मध्ये येऊन गेला तरी ती कमाई टिकली. हा निबंध मी दोनदा वाचला. दुष्काळी तालुक्यातल्या बाईला त्यातलं शेवटचं वाक्य जरा जास्तच लागतं.

आणि २० नंबरचा पाणलोट. तिथे मी पाहुण्यांना मुद्दाम नेते, कारण तिथे प्रेअरी राहिलेलीच नाही. इथे वर्षाला सुमारे ८३५ मिलिमीटर पाऊस पडतो, झाडाला पुरून उरेल इतका. आग थांबली की आधी डॉगवुडची झुडपं बेटं करतात, मग रेड सीडरचं झाड येतं. तीन वर्षांच्या आत आग फिरत राहिली तर गवत टिकतं, त्याहून लांबली की झुडूप डोकं वर काढतं. बरं, मग चूक लक्षात आल्यावर दर साल जाळलं तर? तेही करून बघितलंय. २००१ मध्ये त्यांनी काही पाणलोटांचे नंबरच उलटे केले, वीसवाला दर साल जाळायला घेतला. झुडपांची बेटं एकदा मोठी झाली की त्यांच्या पोटात गवत नसतं, म्हणून आत आगच शिरत नाही. ती कडेकडेने जळते आणि झुडपं बुडातून पुन्हा फुटतात. जाताना ज्या वाटेने गेलात त्या वाटेने परत येता येत नाही. त्या झाडाझुडपांपायी, पाऊस कमी झालेला नसतानाही, किंग्ज क्रीक ओढ्याचं वाहणं घटलंय. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी आम्ही करवती घेऊन सीडर कापत होतो. कापलेल्या सीडरला पेन्सिलचा वास येतो, कंपासपेटी उघडल्यासारखा. तिसरं की चौथं रोप कापताना ते माझ्या कमरेएवढं होतं, आणि मला एकदम तो फोटो आठवला. गणवेश, चिखलाचे हात, रिकामा माळ.

मी झाडं कापतेय हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

फ्लिंट हिल्समध्ये एवढं गवत उरलं ते कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे. उंच गवताची ही प्रेअरी कॅनडापासून टेक्ससपर्यंत पसरलेली होती. आज चार टक्क्यांहूनही कमी उरलीये, आणि त्यातला मोठा तुकडा इथे, कारण या टेकड्यांत चुनखडी आणि गारगोटीचे थर इतके वर आहेत की नांगर लागला नाही. आमच्या पडीसारखंच. जिथे माती चांगली होती तिथे आता मका आणि सोयाबीन आहे. आणि गोऱ्यांच्या आधी हे रान पेटवणारी, बायसनच्या मागावर हिंडणारी कान्सा माणसं, ज्यांच्या नावावरून राज्याला कॅन्सास आणि या रानाला कोन्झा म्हणतात, त्यांना १८७३ मध्ये इथून उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. प्रशिक्षणात हे एका स्लाइडमध्ये होतं. पुढच्या स्लाइडवर फुलपाखरं होती.

गुरंवाल्यांचं आणि संशोधकांचं नातं तर मला आमच्या ओसरीवरचंच वाटतं. गुरंवाल्यांना दर साल, सगळं कुरण, एप्रिलमध्येच जाळायचंय, कारण बापाने तसंच जाळलं. पण सगळंच काळं झालं की प्रेअरी चिकनने घरटं कुठे करायचं? या पक्ष्याचे नर वसंतात पहाटे ठरलेल्या माळावर जमतात, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, आणि रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकल्यासारखा घुमणारा आवाज काढतात. माळढोकाचा नाच ज्यांनी पाहिलाय त्यांना ते बघून पोटात कालवेल. त्याला नाचायला बोडकी जमीन हवी आणि मादीला अंडी घालायला गेल्या सालचं दाट गवत, तेही जवळच. ओक्लाहोमात सॅम्युएल फुलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी त्यावर तोड काढली: कुरणाचा एक तुकडा यंदा जाळा, दुसरा पुढच्या साली, आणि जनावर मोकळं सोडा, ते आपण होऊन जळालेल्या तुकड्यावर जाईल. कुंपणही घालायला नको. काहींनी ऐकलं, बरेच ऐकत नाहीत. कोन्झातच जीन टाउन आणि जोसेफ क्रेन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की शरद ऋतूत किंवा थंडीत जाळलं तरी गवत कमी येत नाही, एप्रिलवरच अडून बसायचं कारण नाही. धूर वाटून गेला तर शहरांना बरंच. एप्रिलमध्ये सगळे एकदम पेटवतात आणि तो धूर कॅन्सस सिटी, लिंकन, ओमाहापर्यंत जातो. कुरडयांच्या त्या रात्री आईला खोकल्याची उबळ आली, दोन वाजेपर्यंत ती खुर्चीत बसून होती, आणि मी खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावत शास्त्राला आणि परंपरेला सारख्याच शिव्या देत होते.

सह्याद्रीला हे लागू करायचा मोह मी आवरते. कॅन्साससारखा गवताळ माळ वेगळा आणि झाडीत शिरणारा वणवा वेगळा. चराईचं ओझं वेगळं, पाऊस चार महिन्यांत कोंबलेला, उतार तीव्र, आग लागते ती बरेचदा कुणाच्या विडीने. नववीत असताना मी काहीही न मोजता ठाम होते. आज कुणी दुसऱ्याने दुसऱ्याच देशात मोजलेल्या आकड्यांवर उलट्या बाजूने ठाम व्हावं, ही तीच सचिव झाली, फक्त वय वाढलेली. पण एवढं मात्र मनात येतं की आमच्या पडीवरही आग होती, विळा होता, मेंढरं बसायला येणारे धनगर होते, आणि मी त्यातली एकच गोष्ट पाहिली. चुलतभावाला फोन करून विचारलं, पडीचं काय चाललंय. म्हणाला, गिरिपुष्पाचं बी गायरानातून तिकडे गेलंय, वरच्या अंगाला सावली झालीये, गवत येत नाही, पण फुलं येतात बघ गुलाबी, झकास, फोटो पाठवतो. फोटो आला. झकासच होता.

जूनमध्ये आईला कोन्झाला घेऊन गेले. संशोधनाच्या गाडीवाटेने, परवानगी काढून. एका ठिकाणी वाटेच्या डाव्या हाताला यंदा जळालेला पाणलोट आहे आणि उजव्या हाताला कित्येक वर्षं न जळालेला, मध्ये फक्त चाकोरी. तिथे थांबवून मी पाहुण्यांना विचारते तोच प्रश्न विचारला, ह्यातलं चांगलं कुठलं? आईने दोन्हीकडे बघितलं. "म्हशी कुठल्या अंगाला हायत?" बायसन डावीकडे होते, लांब, तपकिरी ठिपके, माना खाली. "मग मला काय इचारतीस?" म्हणत ती खाली वाकली आणि मी नको नको म्हणेपर्यंत एक कोंभ उपटून त्याचं पांढरं बूड चावून बघितलं. संशोधनाच्या जागेत काडी मोडायची नाही हा नियम मीच लोकांना सांगते. "गोड न्हाई. पन बैल खाईल." मग मी ते विचारलं जे एप्रिलपासून विचारायचं होतं, की आबा पड दर साल जाळायचे का, की मध्ये सोडायचे? आई बराच वेळ चावत राहिली. "कोन मोजत बसलंय," म्हणाली. "तुज्या बोलन्यानंतर न्हाई जाळली एवढं ठावं." उजवीकडच्या जुन्या गवतातून एक पाखरू तीन-चार वेळा एकच सूर ओढून गप्प झालं. आईने मान वळवली, पदर सावरत चार पावलं त्या गवतात गेली, मांडीपर्यंत आत, आणि कान देऊन उभी राहिली. मीही उभी राहिले. पाखरू काही पुन्हा बोललं नाही. परत गाडीशी आल्यावर तिला निऱ्यांत गोचीड सापडला. तिने तो चिमटीत धरून नीट न्याहाळला, दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये टचकन फोडला, आणि गवताला बोटं पुसली.

"हा मातर आपलाच दिसतोय," ती म्हणाली.